मन खंबीर ठेवण्याचा आदेश

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा वनपरिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाल्या होत्या. सोबत वनमजूर होते. वाटेत वाघीण बसलेली दिसली. थोडे थांबून, वळसा घालून पुढे जाण्याचा प्रयत्न झाला आणि त्या प्रयत्नात वाघिणीने ढुमणे यांच्यावर झडप घातली. त्या परत आल्या नाहीत. त्या वाघिणीचे नाव माया. हे नाव पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना आणि छायाचित्रकारांना आधीपासून तोंडपाठ होते. वनरक्षकाचे नाव मात्र लोकांना त्या दिवशी प्रथम कळले, आणि आज बहुतेकांच्या स्मरणातून ते गेलेही असेल.

कोलारा चिमूर तालुक्यात येते. चिमूर म्हटले की मराठी माणसाला १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव आठवतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात, आणि अलीकडे सफारीच्या जिप्सी आठवतात. या तिन्हींच्या पलीकडे या तालुक्यात नोकरी करणारी माणसे आहेत. वनरक्षक आहेत, वनपाल आहेत, हंगामी वनमजूर आहेत, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, शिक्षक आणि तलाठी आहेत. त्यांच्या मनाचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. त्या सकाळी जे वनमजूर सोबत होते त्यांनी काय पाहिले, याची नोंद पंचनाम्यात झाली असेल. ते पाहिल्यानंतर त्यांची झोप कुठे गेली, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर पाऊल टाकताना पोटात काय झाले, याची नोंद करायला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास म्हटले जाते: ‘मन खंबीर ठेवा.’ शोकसभेत ते वरिष्ठ म्हणतात, घरी वडीलधारे म्हणतात, ताणतणाव व्यवस्थापनाच्या एकदिवसीय कार्यशाळेत आमंत्रित वक्ते म्हणतात. मराठी शिकवणाऱ्यांनी या वाक्याचे व्याकरण एकदा नीट पाहावे. वाक्य आज्ञार्थी आहे. बोलणारा सांत्वन करीत असल्याच्या आविर्भावात हुकूम देतो, आणि ऐकणाऱ्यावर कामाचा आणखी एक भार टाकतो. आधी बीट सांभाळायचे होते, आता बीटसोबत मनही सांभाळायचे. ते सांभाळता आले नाही तर दोष सांभाळणाऱ्याचा. आमचा आक्षेप या वाक्याला आहे, आणि या वाक्याला प्रतिष्ठा देण्यात मराठी साहित्याचा व साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांचा जो वाटा आहे, त्यालाही आहे.

२

जंगलात नोकरी करणाऱ्या माणसाची मराठी वाचकाच्या मनातली प्रतिमा कुणी घडवली असेल तर ती मारुती चितमपल्ली यांनी. छत्तीस वर्षे वनखात्यात काढलेला हा अधिकारी २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर जे मृत्युलेख लिहिले गेले त्यांचा सूर आपल्या ओळखीचा आहे: अरण्यऋषी, निसर्गाचा साधक, पाखरांशी बोलणारा तपस्वी. चितमपल्लींच्या योग्यतेविषयी आम्हांला यत्किंचितही शंका नाही. मराठी भाषेला त्यांनी जेवढे शब्द दिले तेवढे क्वचितच एका माणसाने दिले असतील. आमची तक्रार त्यांच्या वाचकांविषयी, म्हणजे स्वतःविषयीच आहे. ‘चकवाचांदण’ या त्यांच्या आत्मकथनात नोकरीही आहे. आपण त्यातून पाखरे, झाडे आणि चांदणे उचलले आणि नोकरी तिथेच ठेवली. परिणाम असा झाला की जंगलातले एकटेपण हे मराठी वाचकाच्या लेखी एक वरदान ठरले. ज्याला ते एकटेपण सोसत नाही तो अरसिक, त्याला जंगल ‘कळले’ नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचून आपण हरखून जातो. ते योग्यच आहे. पण लेखक काही काळ राहून जंगलातून परत येतो आणि वनरक्षक तिथेच असतो, हा साधा फरक वर्गात किती वेळा सांगितला जातो? ज्या शांततेसाठी पाहुणा पैसे मोजून येतो तीच शांतता पावसाळ्यात, रस्ता तुटलेला असताना, घरात आजारी मूल असताना निराळी वाटते. शांततेचे दोन अर्थ आहेत, आणि मराठी ललित गद्याने त्यांपैकी एकाचीच जोपासना केली.

दुसरी प्रतिमा याच्या अगदी उलट टोकाची आहे. ती कारकुनाची. चि. वि. जोशींचा चिमणराव हा कारकून आहे आणि त्याच्यावर हसत मराठी मध्यमवर्गाच्या पिढ्या वाढल्या. कचेरी म्हणजे विनोदाची जागा, साहेब म्हणजे विनोदाचे निमित्त, हा संकेत आपल्याकडे एवढा मुरला की कचेरीतल्या माणसाने खरोखर दुःख सांगितले तरी श्रोत्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू उमटते. शेतकऱ्याचे दुःख आपल्याला खरे वाटते, गिरणी कामगाराचे वाटते. पगारदाराचे वाटत नाही. ‘महिन्याच्या महिन्याला पगार येतो ना?’ या एका प्रश्नाने सगळी चर्चा संपते.

आणि जिथे साहित्याने नोकरदाराचे मन गंभीरपणे घेतले तिथे आपण, म्हणजे समीक्षकांनी आणि प्राध्यापकांनी, ते नोकरीपासून तोडून टाकले. भालचंद्र नेमाड्यांच्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात नोकरी करीत हिंडतो. संस्थाचालक, गटबाजी, कायम होण्याची टांगती तलवार, भाड्याच्या खोल्या, हे सगळे तिथे ठळकपणे आहे. आपण मात्र विद्यार्थ्यांकडून उत्तरपत्रिकेत ‘परात्मता’ आणि ‘अस्तित्ववाद’ लिहून घेतो. परात्मतेला पत्ता असतो, नेमणूकपत्र असते आणि तिच्यावर कुणाची तरी सही असते, हे सांगायचे राहून जाते.

३

कोलाऱ्याच्या घटनेपूर्वी आठ महिने, त्याच वनखात्यात, विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला एक मृत्यू झाला होता. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातील हरिसाल येथे वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या त्रासाविषयी लिहिले होते. एका उपवनसंरक्षकाला अटक झाली, आंदोलने झाली, विधिमंडळापासून वृत्तवाहिन्यांपर्यंत चर्चा झाली. कोण किती दोषी हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, आमचा नाही. आम्ही फक्त भाषेकडे बोट दाखवू इच्छितो.

दीपाली चव्हाण यांना वृत्तपत्रांनी ‘लेडी सिंघम’ म्हटले होते. हे कौतुकच होते, यात शंका नाही. पण या कौतुकात काय दडलेले असते ते पाहा. एकदा एखाद्या स्त्रीला सिंहीण ठरवले की तिला थकण्याची मुभा राहत नाही. तिने ‘आता माझ्याने होत नाही’ असे म्हटले तर ते ऐकूच येत नाही, कारण आपण ऐकायला बसलो आहोत ते डरकाळी ऐकायला. खंबीर माणसाचे दुःख कुणाच्या ध्यानात येत नाही याचे कारण त्याला खंबीर हे विशेषण आपणच दिलेले असते. शौर्याची विशेषणे वाटताना वर्तमानपत्रे जेवढी उदार असतात तेवढाच तो माणूस एकटा पडत जातो.

आता शासकीय मराठीतला एक शब्द घ्या: ‘सेवा’. आपल्या राज्यात नोकरी ही कागदोपत्री नोकरी नसते, ती सेवा असते. सेवाप्रवेश, सेवापुस्तिका, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती. मूळ अर्थाने सेवा देवाची, आईवडिलांची किंवा रुग्णाची करतात. सेवेत तक्रार शोभत नाही. सेवेकऱ्याने मोबदल्याचा हिशेब मागणे हेही काहीसे हलके समजले जाते. या एका शब्दाने नोकरदाराच्या तोंडावर जो हात ठेवला आहे त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करायला हवा होता. त्याच्या जोडीला दुसरा शब्दप्रयोग आहे: ‘योग्य मार्गाने’. शासकीय कर्मचाऱ्याने आपले म्हणणे योग्य मार्गाने सादर करावे, असा संकेत आहे. योग्य मार्ग म्हणजे लगतच्या वरिष्ठामार्फत. ज्याच्याविषयी तक्रार करायची त्याच्याच टेबलावरून तक्रारीने वर जायचे. एखाद्या कादंबरीकाराने ही कल्पना सुचवली असती तर आपण तिला उपरोधाचा उत्तम नमुना म्हटले असते.

लैंगिक छळाच्या बाबतीत या कोंडीला वाट फुटली. त्यासाठी राजस्थानातल्या भंवरी देवी या ‘साथीन’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवरील अत्याचारानंतरचा लढा, १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निर्णय आणि २०१३ चा कायदा असा लांबचा प्रवास करावा लागला. त्या कायद्याने कार्यालयात समिती आणली, म्हणजे तक्रारीला वरिष्ठाच्या टेबलाखेरीज दुसरा दरवाजा मिळाला. पण रजा नाकारणे, चारचौघांत शिवी देणे, रात्री-अपरात्री बोलावून घेणे, गोपनीय अहवालाचा धाक घालणे, या गोष्टी लैंगिक छळाच्या व्याख्येत बसत नसतील तर त्यांना तो दरवाजा उघडत नाही. त्यांच्यासाठी पुन्हा योग्य मार्गच आहे.

४

उपाय म्हणून आता काय चालते? कार्यशाळा होतात. प्राणायाम शिकवला जातो. सकारात्मक विचारांवर व्याख्यान होते. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक भिंतीवर लागतो. ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली, ती विनामूल्य आहे, आणि ज्याला गरज वाटते त्याने तो क्रमांक जरूर फिरवावा, हे आम्ही इथे आवर्जून सांगतो. मदत मागण्यात कमीपणा नाही आणि उपलब्ध असलेली मदत नाकारण्यात शहाणपण नाही. पण क्रमांक भिंतीवर लावल्याने खात्याचे कर्तव्य संपले, असे जे समजले जाते त्याला आमचा विरोध आहे. चिमूरहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि ज्या बीटमध्ये फोनला रेंज नाही तिथे क्रमांकाचा उपयोग घरी परतल्यावरच होणार.

या ठिकाणी साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच अभ्यासक्रमातला एक कर्मचारी आठवून द्यावासा वाटतो. फ्रान्झ काफ्का. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरीला होता. आपण त्याला कीटक झालेल्या माणसाचा कथाकार म्हणून ओळखतो. (त्या कथेतही ग्रेगोर सॅम्साला पहिली चिंता पडते ती गाडी चुकल्याची, आणि घराच्या दारात पहिला परका माणूस येतो तो त्याच्या कचेरीतला, पण तेही आपण ‘अस्तित्वा’च्या खाती जमा केले.) काफ्काने नोकरीचा भाग म्हणून लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर एक अहवाल लिहिला आहे. त्या यंत्रांचा पात्यांचा आस चौकोनी असे. आस आणि पाट यांच्यामध्ये फट राही, लाकूड सटकले की कामगाराची बोटे त्या फटीत जात आणि तुटत. काफ्काने आकृत्या जोडून दाखवले की आस गोल केला तर फट अरुंद होते आणि बोटे वाचतात.

या अहवालाचे मोल आम्हांला त्याच्या कथांइतकेच वाटते. कामगाराला ‘सावध राहा’ असे सांगणे सोपे होते. कारखानदार तेच सांगत असणार. काफ्काने बोटांना उपदेश केला नाही. त्याने यंत्राच्या आसाचा आकार बदलायला सांगितले. आपल्या कार्यालयांमध्ये आज जे चालले आहे ते याच्या नेमके उलट आहे. आस चौकोनीच ठेवायचा आणि बोटांसाठी प्राणायामाचा वर्ग घ्यायचा.

आमचे हे म्हणणे जगावेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा तिचा अंदाज आहे. त्या तत्त्वांत कामाची रचना बदलणे, तिच्यातले धोके कमी करणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे, यांवर भर आहे. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक नागरिकाला अशी सेवा मिळण्याचा हक्क देतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे तो गृहीत धरतो. कायदा तणाव गृहीत धरतो आणि कचेरी दुबळेपणा गृहीत धरते, अशी आजची स्थिती आहे.

आणि थोडा अतिशयोक्तीचा आरोप पत्करून आम्ही म्हणतो की, या राज्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा सर्वांत उपयोगी कायदा हा बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा कायदा आहे. त्यात आरोग्याचा उल्लेख शोधू नये. एका पदावर साधारणपणे तीन वर्षे, एवढाच त्याचा गाभा. पण उद्या आपण कुठे असू हे ज्याला माहीत असते त्याला रात्री झोप लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडची नेमणूक ही महाराष्ट्रात वर्षानुवर्षे शिक्षा म्हणून बोलली गेली. ‘गडचिरोलीला पाठवतो’ ही धमकी आपण विनोद म्हणून ऐकली आणि सांगितली. ज्या जिल्ह्यात लाखो माणसे जन्मतात आणि संसार करतात तो जिल्हा शिक्षा कसा होतो, हा एक प्रश्न. आणि जो कर्मचारी इथे येतो तो पहिल्या दिवसापासून स्वतःला शिक्षा झालेला समजत असेल, तर त्याचे मन ठिकाणावर राहावे अशी अपेक्षा कशी करायची, हा दुसरा.

५

आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील, हे आम्हांला ठाऊक आहे.

पहिला आक्षेप जुन्या पिढीचा. ‘आम्हीही जंगलात काढली ना वर्षे? आमच्या वेळी कुठे होते हे नैराश्य?’ याला उत्तर असे की, नैराश्य तेव्हाही होते. त्याला दारू म्हणत, ‘डोके फिरले’ म्हणत, ‘बाहेरचे लागले’ म्हणत, किंवा घरातल्या बायकामुलांवर ते निघत असे. सोसलेल्या माणसाने आपल्या सोसण्याचा अभिमान बाळगावा. पण आपण सोसले म्हणून पुढच्यानेही सोसावे, हा वारसा कुणाच्या हिताचा आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हांला स्वतःलाही छळतो. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल या गावच्या तीन स्त्रिया तेंदूपाने तोडायला गेल्या असताना वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. या जिल्ह्यात मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात माणसे जीव मुठीत धरून जंगलात जातात, कारण त्या हंगामावर वर्षाचा मोठा आधार असतो. त्यांना पगार नाही, रजा नाही, सेवापुस्तिका नाही. त्यांच्यापुढे गणवेशातल्या माणसाच्या मनाची चिंता करणे हे चैनीचे नाही का?

नाही, असे आम्ही पूर्ण विचारांती म्हणतो. मृत्यू झाला की गावकरी जमतात आणि त्यांचा संताप न्याय्यच असतो. त्या संतापासमोर मंत्री नसतो, सचिव नसतो, धोरण ठरवणारे कुणीच नसते. समोर असतो तो वनरक्षक, बहुधा आसपासच्याच एखाद्या गावचा, कधी मृताच्या ओळखीचा. त्याला शिव्या खाव्या लागतात, कधी दगडही. पंचनामा त्यालाच करायचा असतो, आणि वाघ अजून त्याच झुडपात असताना गस्तही त्यालाच घालायची असते. नुकसानभरपाईची रक्कम २०२३ मध्ये २५ लाख झाली. तिचे कागद पुरे होईपर्यंत त्या घराच्या दाराशी जाणाराही तोच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या हसण्याचा अभ्यास करून दाखवून दिले होते की काही नोकऱ्यांत भावना आवरणे हेच काम असते आणि त्याचा थकवा खरा असतो. विमानसेविकेला हसावे लागते. वनरक्षकाला रडू आवरून उभे राहावे लागते. गावाचे दुःख आणि त्याचे दुःख एकमेकांसमोर उभे केले की सोय होते ती तिसऱ्याचीच. आणि स्वतः कोलमडलेला माणूस गावकऱ्यांशी माणुसकीने बोलू शकत नाही, हेही विसरू नये. त्याचे मन सावरले तर त्याचा पहिला लाभ गावालाच होतो.

६

तेव्हा आस गोल करायचा म्हणजे काय करायचे? आमच्या मागण्या साध्या आहेत. त्यांत मानसशास्त्राचे अगाध ज्ञान लागत नाही.

ज्याने सहकाऱ्याचा किंवा गावकऱ्याचा असा मृत्यू डोळ्यांनी पाहिला, त्याला काही दिवस त्या कामातून आपोआप मोकळे करावे. ‘मागितल्यास रजा’ असा नियम उपयोगाचा नाही. मागणारा दुबळा ठरतो, म्हणून कुणी मागत नाही. रजेवर गेलेल्याचा प्रभार घेणारा माणूस आधी नेमलेला असावा, कारण ‘तुझ्या जागी कोण?’ या प्रश्नावर सर्वाधिक रजा अडतात. तक्रारीला लगतच्या वरिष्ठाखेरीज दुसरी वाट असावी. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद गोपनीय अहवालापर्यंत पोहोचणार नाही, याची लेखी हमी असावी. आणि हे सगळे कायम कर्मचाऱ्यापुरते न थांबता हंगामी वनमजुरापर्यंत यावे. कोलाऱ्याच्या त्या वाटेवर वनरक्षकासोबत तेच होते.

याला पैसा लागेल. जागा भराव्या लागतील. तेच खरे दुखणे आहे. मन खंबीर ठेवायला सांगण्यास अर्थखात्याची मंजुरी लागत नाही, म्हणून ते वाक्य एवढे लोकप्रिय आहे.

राहिला प्रश्न आपला. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांनी यात काय करायचे? प्रथम, आपल्या दारात पाहावे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारा सहकारी आपल्याच स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलेला असतो. त्याचे मानधन थकलेले असते, पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही हे त्याला माहीत नसते, आणि त्याच मनःस्थितीत तो वर्गात चांगदेव पाटील शिकवून येतो. आपण त्याला काय म्हणतो? ‘होईल सर काहीतरी, धीर धरा.’ हाही तोच आदेश, थोडा मवाळ. कायम प्राध्यापकांच्या संघटनांनी त्याच्या प्रश्नावर किती वेळा काम थांबवले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

दुसरे काम आपल्या विषयाचेच आहे. या भागातल्या बोलीत, वऱ्हाडीत आणि झाडीबोलीत, मनाच्या अवस्था सांगणारे शब्द आहेत. त्यांचा संग्रह करताना आपण शेतीचे, सणांचे, नात्यांचे शब्द गोळा केले. कामावर जाताना पाय का उचलत नाही, हे माणसे कोणत्या शब्दांत सांगतात, ते आपण विचारले का? चिमूरच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर ‘निसर्गचित्रण’ हा विषय पुरे झाला. त्याने एखाद्या वनपालाकडे, वनमजुराकडे, त्यांच्या घरच्यांकडे जाऊन बसावे. दिवाळीनंतर ज्या झाडीपट्टी रंगभूमीसमोर हा मुलूख रात्रभर बसतो, त्या रंगमंचावर हा माणूस त्याच्या भीतीसकट उभा राहिला तर तो प्रेक्षकाला अनोळखी वाटणार नाही. तो प्रेक्षकांतच बसलेला असतो.

सेवापुस्तिकेत जन्मतारीख असते, नेमणुकीचा दिनांक असतो, वेतनवाढी, रजा आणि शिक्षा असतात. त्या पुस्तिकेत भीतीची नोंद शासन कधी करील असे आम्हांला वाटत नाही. ती नोंद करणे हे साहित्याचे काम होते. आपण ते केलेले नाही. एवढे कबूल केल्यावर निदान पुढच्या शोकसभेत, खुर्चीत बसलेल्या त्या सुन्न वनमजुराच्या खांद्यावर हात ठेवताना, ते एक वाक्य आपण म्हणू नये. त्यापेक्षा त्याला विचारावे की उद्या कामावर जायचे आहे का, आणि नसेल तर त्याच्या जागी कोण जाणार ते त्याच्या साहेबाला विचारावे.